शंभर दिनार

रविवारच्या मिस्सेत एक छोटासा क्षण येतो. प्रभूची प्रार्थना म्हणून झालेली असते, कम्युनियनला अजून दोन-तीन मिनिटं असतात. तेव्हा फादर सांगतात, एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या. परदेशात लोक हात मिळवतात. आपल्याकडे हात जोडून मान लववायची पद्धत आहे. पुढच्या बाकाकडे, मागच्या बाकाकडे, डावीकडे, उजवीकडे. दहा-पंधरा सेकंदांचं काम.

वसईतल्या आमच्या चर्चमध्ये माझे पप्पा त्या पंधरा सेकंदांत कधीच उजवीकडे वळले नाहीत. उजवीकडच्या बाकांवर त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे काका बसायचे.

मी सहावी-सातवीत असताना हे पहिल्यांदा लक्षात आलं. पप्पा मागे वळून अनोळखी माणसालाही मनापासून हात जोडायचे. डावीकडे वळायचे. मग सरळ वेदीकडे बघत उभे राहायचे. काकाही तसेच. थोड्या वेळाने दोघं वेगवेगळ्या रांगांत उभे राहून तीच भाकर घ्यायचे. मीही हळूहळू तसंच करायला लागलो. कुणी शिकवलं नाही. आपण घरातली बोली जशी शिकतो, तसं ते आलं.

हा लेख क्षमेबद्दल आहे. क्षमेने माणूस बरा होतो असं आमचा धर्म सांगतो. आता मानसशास्त्रज्ञही सांगतात आणि इन्स्टाग्रामवरची रील्सही सांगतात. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मला बरं व्हायचं होतं, म्हणून मी क्षमा करायचा प्रयत्न केला. तो बरीच वर्षं फसला. का फसला, आणि शेवटी काय झालं, ते लिहायचं आहे.

*

आधी भांडण सांगतो. ते वसईत इतक्या घरांत झालंय की कुणालाही आपलंच वाटेल.

आजोबांची वाडी होती. केळी, थोडा मोगरा, पानवेल, एक विहीर. आजोबा गेले तेव्हा वसई-विरारमध्ये जमिनीचे भाव चढलेले होते. काकांना तलाठ्याकडची, तहसील कचेरीतली कामं जमायची. पप्पांना जमायची नाहीत. म्हणून पप्पांनी त्यांच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं. दोन वर्षांनी रस्त्याला लागून असलेला नऊ गुंठ्यांचा तुकडा बिल्डरला विकला गेल्याचं पप्पांना एका शेजाऱ्याकडून कळलं. हिशोब मागितला तेव्हा काका म्हणाले, बाबांच्या आजारपणाचं कर्ज होतं, ते फेडलं. किती होतं, कुणाचं होतं, उरलेले पैसे कुठे गेले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पप्पा वकिलाकडे गेले. वकिलाने कागद बघून विचारलं, ही सही तुमचीच ना? पप्पा घरी आले आणि त्यानंतर कोर्टाचं नाव त्यांनी काढलं नाही.

आज तिथे चार मजली इमारत आहे. विहिरीच्या जागी पार्किंग आहे.

पैसे गेले हे वाईटच. पण त्याहून जास्त नुकसान घरात झालं. जेवताना विषय कुठूनही सुरू झाला तरी त्या नऊ गुंठ्यांपाशी यायचा. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी कर्ज काढलं तेव्हा, मम्मीच्या ऑपरेशनच्या वेळी, ताईच्या लग्नात. प्रत्येक खर्चापुढे पप्पा एकच वाक्य म्हणायचे, “ते पैसे असते तर.” त्यांची बीपीची गोळी वाढत गेली. मला त्या जमिनीतलं काही मिळालं नाही, पण राग पूर्ण मिळाला. त्यावर वारस म्हणून माझी नोंद कधी झाली ते मला कळलंही नाही.

*

क्षमेवर प्रवचन असलं की एक गोष्ट हमखास सांगतात. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातली. पेत्र येशूला विचारतो, माझा भाऊ माझा अपराध करत राहिला तर मी किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? येशू म्हणतो सत्तर गुणिले सात. काही भाषांतरांत हा आकडा सत्त्याहत्तर आहे. मग तो एका चाकराची गोष्ट सांगतो. त्या चाकरावर राजाचं दहा हजार तालंतांचं कर्ज असतं. तो पाया पडतो, राजा सगळं माफ करतो. बाहेर पडल्यावर त्याला दुसरा चाकर भेटतो, त्याच्याकडे याचे शंभर दिनार येणं असतं. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाला ते कळतं. तो माफी मागे घेतो आणि या चाकरालाच छळणाऱ्यांच्या हाती देतो.

लहानपणापासून मला ही गोष्ट अशी समजावली गेली, की देवाने तुझं एवढं मोठं कर्ज माफ केलं, मग तू एवढंसं माफ करू शकत नाहीस? प्रत्येक वेळी मला पप्पांचा चेहरा दिसायचा आणि मनात यायचं, एवढंसं?

एकदा ऑफिसमधून परत येताना लोकलमध्ये मी मोबाइलवर हिशोब केला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालंताचे साधारण सहा हजार दिनार होतात. दहा हजार तालंत म्हणजे सहा कोटी दिनार. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं, तर दोन लाख वर्षांची मजुरी. आजच्या भाषेत सांगायचं, तर रोज पाचशे रुपये धरून तीन हजार कोटी रुपये. कुठलाही चाकर हे फेडू शकत नाही. ऐकणाऱ्यांना हसू यावं इतका मोठा आकडा येशूने मुद्दाम घेतला असावा.

पण त्या संध्याकाळी माझं लक्ष दुसऱ्या आकड्याकडे गेलं. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर चार महिन्यांचा पगार. पाचशेच्या हिशोबाने पन्नास हजार रुपये. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचे पन्नास हजार बुडाले तर त्याच्या घरात चूल कशी पेटते, ते आपल्याला माहीत आहे.

म्हणजे येशूने दुसरं कर्ज किरकोळ ठेवलेलं नाही. त्याला दोन दिनार म्हणता आलं असतं. त्याने खरं कर्ज घेतलं, दुखेल असं. प्रवचनांत मात्र ते ‘एवढंसं’ होऊन जातं. ज्याचं काही गेलंय त्याला क्षमेची भाषा अपमानासारखी वाटते ती इथेच. पप्पांचे नऊ गुंठे एवढेसे नव्हते. पहिल्यांदाच मला वाटलं, की ही गोष्ट सांगणाऱ्याला हे माहीत होतं.

*

नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये क्षमा करण्यासाठी जे क्रियापद येतं, ते आहे आफिएमी. त्याचा साधा अर्थ सोडणं, जाऊ देणं. शिष्य जाळी सोडून येशूमागे निघाले, तिथेही हेच क्रियापद आहे. आणि येशू बोलायचा त्या अरामी भाषेत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. म्हणूनच मत्तयकडच्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण’ आहे आणि लूककडच्या प्रार्थनेत ‘पाप’.

मराठी माणसाला हे समजायला ग्रीक कशाला लागतं म्हणा. आपल्याकडे कर्जमाफी हा शब्द रोज पेपरात असतो. 2017 मध्ये झाली, 2019 मध्ये झाली. कर्जमाफी झाली की एक प्रश्न लगेच येतो, पैसे कोण भरणार? कर्ज हवेत विरत नाही. कुणाच्या तरी खात्यावर तो तोटा पडतो. सरकारच्या, बँकेच्या, म्हणजे शेवटी आपल्या सगळ्यांच्या.

माणसाच्या क्षमेतही तोटा जातो कुठे, हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर कडू आहे. तो क्षमा करणाऱ्याच्याच खात्यावर पडतो. त्याचं आधीच गेलेलं असतं, आणि आता ते परत मागायचा हक्कही तो स्वतःहून सोडतो. ख्रिस्ती माणसाला क्रूस दिसतो तो इथे. ज्याचं देणं लागत होतं, त्यानेच तोटा अंगावर घेतला, ही आमची श्रद्धा आहे. रीलमध्ये सांगतात तसं ‘लेट गो करा, हलकं वाटेल’ एवढ्यावर हे संपत नाही. हलकं नंतर वाटतं. आधी वजन उचलावं लागतं.

पण तोटा अंगावर घेणं म्हणजे गुन्हा झालाच नाही असं म्हणणं नव्हे. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, यांना गाडीत झोपलेले असताना जमावाने जाळून मारलं. त्यांची पत्नी ग्लॅडिस हिने मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. ती आपल्या मुलीला घेऊन लगेच निघून गेली नाही. बारिपदातल्या कुष्ठरोग्यांच्या संस्थेचं काम तिने पुढे काही वर्षं सुरू ठेवलं. पण तिने क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. दारा सिंगला शिक्षा झाली, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली. सूड घ्यायचा माझा हक्क मी सोडते, असं एक बाई म्हणू शकते. इतरांच्या सुरक्षेचा, न्यायाचा हक्क सोडून देणं तिच्या हातात नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजलं, की क्षमेबद्दलच्या निम्म्या शंका मिटतात.

*

राहिलेल्या निम्म्या शंका मात्र खऱ्या आहेत.

क्षमेचा उपदेश बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला केला जातो. नवरा मारतो आणि माफ करायला बायकोला सांगतात. ज्या मुलीला नातेवाइकाने त्रास दिला, तिला घरचे सांगतात, सणासुदीला तोंड वाकडं करू नकोस. माझ्या कॅथलिक चर्चलाही इथे मान वर करता येत नाही. जगभर अनेक ठिकाणी लैंगिक अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवलं गेलं, आणि पीडितांना गप्प राहायला सांगितलं गेलं. डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन पाळक हिटलरविरोधी कटात सामील होता, 1945 मध्ये त्याला फाशी दिली गेली. पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या माफीला त्याने ‘स्वस्त कृपा’ म्हटलं होतं. तोटा दुसऱ्याच्या खात्यावर टाकून आपण उदार व्हायचं, यापेक्षा स्वस्त काय असणार?

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. शंभर दिनारांची गोष्ट फक्त ज्याचे शंभर दिनार गेलेत त्याने, स्वतःला सांगायची. दुसऱ्याने त्याला ती ऐकवायची नाही. मुलानेही बापाला नाही.

दुसरी शंका वेळेची. सिस्टर राणी मारिया या केरळच्या जोगीण. त्या मध्य प्रदेशात उदयनगरच्या परिसरात आदिवासी शेतकरी-मजुरांना संघटित करत होत्या. सावकारांना ते खुपत होतं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या माणसाने त्यांना चाकूने मारलं. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही जोगीण. 2002 मध्ये रक्षाबंधनाला ती तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंगला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. 2006 मध्ये तो सुटला, नंतर केरळला जाऊन तिच्या आईवडिलांना भेटला. 2017 मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित केलं गेलं, तेव्हा तोही तिथे होता.

ही गोष्ट सांगताना लोक राखीचा प्रसंग सांगतात आणि डोळे पुसतात. मी मधली वर्षं मोजतो. 1995 ते 2002. सात वर्षं. व्रतस्थ जोगिणीच्या आयुष्यातली सात वर्षं. त्या काळात स्वामी सदानंद नावाने ओळखले जाणारे एक फादर तुरुंगात जाऊन त्या माणसाला भेटत राहिले. राखी एका दिवसात बांधली गेली, पण तिचा धागा बरीच वर्षं कुणीतरी कातत होतं.

एव्हरेट वर्थिंग्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर क्षमेवर संशोधन केलं. त्यांच्या स्वतःच्या आईचा घरात शिरलेल्या चोराने खून केला होता. ते क्षमेचे दोन प्रकार करतात. एक निर्णयाची, दुसरी भावनेची. सूड घेणार नाही, त्याचं वाईट करणार नाही, हा निर्णय आज घेता येतो. राग जाणं हे वेगळं काम आहे, ते आपल्या हुकमावर होत नाही. सत्तर गुणिले साताचा अर्थ मला यातून लागला. चारशे नव्वद अपराध माफ करायचे असं नसेल कदाचित. एकच अपराध असतो. तो आपल्याला चारशे नव्वद वेळा आठवतो, आणि तितक्या वेळा सोडावा लागतो.

*

हे सगळं वाचून, समजून घेऊन मी काकांना क्षमा करायला बसलो. अगदी शिस्तीत. प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचो. झोप सुधारेल, छातीतला तो दगड हलेल, अशी अपेक्षा होती. काही झालं नाही. माझं काहीतरी चुकत होतं आणि एरर मेसेज येत नव्हता.

चूक कुठे होती ते मला माहीत होतं. फक्त मी त्या फाइलमध्ये बघत नव्हतो.

माझा चुलत भाऊ, काकांचा मुलगा, माझ्याहून वर्षाने लहान आहे. तोही कॉम्प्युटरच शिकला. साडेतीन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली. त्याच सुमारास काकांच्या किडन्या निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं होतं. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. एका रात्री व्हॉट्सॲपवर त्याचा रेझ्युमे आला. खाली लिहिलं होतं, “तुमच्याकडे ओपनिंग दिसलं. रेफर करशील का?”

आमच्या कंपनीत रेफर करायला दोन मिनिटं लागतात. पोर्टलवर जायचं, फाइल टाकायची, बटण दाबायचं. मी लिहिलं, “हो, टाकतो.” टाकला नाही. दोन आठवड्यांनी त्याने विचारलं, “काही कळलं का रे?” मी लिहिलं, “एचआरकडून काही आलं नाही अजून.”

ते वाक्य पाठवताना मला बरं वाटलं होतं. हे कबूल करायला मला तीन वर्षं लागली. न ओरडता, न भांडता, पप्पांच्या वतीने मी नऊ गुंठे वसूल करत होतो.

आमच्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांनाही घेता येतं. मला हे तेव्हाही माहीत होतं. त्याला नोकरी मिळालीच असती असं नाही, तो इंटरव्ह्यूत नापासही झाला असता. पण ते ठरवायचा अधिकार मी माझ्याकडे घेतला. काकूंचे दागिने गहाण पडल्याचं नंतर कानावर आलं. आणि एका पावसाळ्यात काका गेले. पप्पा दफनाला आले नाहीत. मी गेलो, लांब कंपाउंडपाशी उभा राहिलो, मूठभर माती टाकायला पुढे झालो नाही.

आता तो गोष्टीतला चाकर आठवा. कर्जदाराचा गळा धरणारा. गोष्ट वाचताना मी कायम स्वतःला त्याच्या जागी ठेवून, ज्याचे शंभर दिनार येणं आहेत तो, असाच विचार करत आलो. गळा धरणारा हातही माझाच आहे, हे मी बघितलं नव्हतं. त्यातही मी गळा धरला तो ज्याने जमीन विकली त्याचा नाही. त्याच्या मुलाचा.

मार्कच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. चार जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडतात. सगळ्यांना वाटतं, आता येशू त्याला चालायला लावेल. येशू आधी त्याला पापक्षमा देतो, चालायला लावतो ते नंतर. क्षमा आणि बरं होणं यांचा संबंध मला इथे दिसतो, पण तो मी शोधत होतो तिथे नव्हता. खाटेवरचा माणूस कुणाला क्षमा करत नाही. त्याला क्षमा मिळते. मी औषध देणाऱ्याच्या खुर्चीत बसून स्वतः बरा व्हायची वाट बघत होतो.

*

गेल्या उपवासकाळात मी कन्फेशनला गेलो आणि हे सांगितलं. फादरांनी ऐकून घेतलं. प्रार्थना वगैरे दिली, आणि मग म्हणाले, “देवाला सांगितलंस, चांगलं केलंस. आता ज्याचं देणं आहे त्याला सांग.” मत्तयमध्ये येशू असंच काहीसं म्हणतो. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा.

मी गेलो. संध्याकाळी, बावखलाच्या कडेला. आम्ही आमच्या कुपारी बोलीत बोललो, इथे मराठीत लिहितो. मी म्हणालो, “तुझा रेझ्युमे मी टाकलाच नव्हता. खोटं बोललो.”

तो पाण्याकडे बघत होता. म्हणाला, “माहीत आहे.”

“कसं?”

“रेफर केलं की कँडिडेटला आपोआप मेल येतो ना. मला आला नाही.”

तीन वर्षं त्याला माहीत होतं. त्या तीन वर्षांत कितीतरी रविवारी शांतीचं चिन्ह देताना तो आमच्या बाजूला वळून हात जोडायचा. मला वाटायचं, तो आमच्या मागच्या कुणाला तरी देतोय.

मी विचारलं, “मग काही बोलला का नाहीस?”

“पप्पा गेले तेव्हा खूप राग होता. घरी येऊन तुला मारावं असं वाटायचं.” जरा थांबून तो म्हणाला, “आता थोडा आहे.”

‘माफ केलं’ असं तो म्हणाला नाही. मीही मागितलं नाही, मागायला आलो होतो तरी. त्या ‘थोडा आहे’मध्ये माझ्यासाठी पुरेसं होतं. माझं सगळं देणं त्याला माहीत होतं आणि तो माझ्या शेजारी बसला होता. माझा गळा त्याने धरला नव्हता. काकांनी काय केलं हा विषय आम्ही काढला नाही. तो त्याच्या बापाचा हिशोब, आणि बाप आता हिशोब द्यायला नाही.

त्या रात्री मला चमत्कार झाल्यासारखी झोप लागली असं लिहिता आलं असतं. लागली नाही. उलट लाज जास्त वाटली. पण काही आठवड्यांनी एक गोष्ट जाणवली. त्या इमारतीवरून स्कूटरने जाताना मी पार्किंगकडे बघायचा थांबलो होतो. काकांचं देणं लहान झालेलं नाही, ते शंभर दिनारच आहेत. फक्त ते वसूल करायला मी आता निघालेलो नाही, कारण मीही कुणाचं तरी देणं लागतो आणि ते मला रोज आठवतं. क्षमेने बरं होणं म्हणजे माझ्यापुरतं एवढंच आहे. दोन्ही आकडे एकाच वहीत दिसणं.

*

पप्पांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना क्षमा करा असं म्हणालो नाही, माझ्या नियमाप्रमाणे. फक्त माझं सांगितलं.

ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग म्हणाले, “त्याने जमीन घेतली ती घेतलीच.”

मी म्हणालो, “हो पप्पा. घेतलीच.”

मला वाटतं, असं स्पष्टपणे ‘हो’ त्यांना इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. सगळे त्यांना समजावतच आले होते. ते उठले, पायातल्या चपला घालून वाडीकडे निघाले. फाटकापाशी थांबून, मागे न वळता त्यांनी विचारलं,

“त्या पोराला आता नोकरी आहे का?”